सोळा नंबरचा पाना

ओझरला, दिवस कलताना,
हैदराबादचं विमान उभं.
डाव्या चाकाच्या कप्प्यात तेलाचा एक थेंब,
पुसला, की पुन्हा.

सील बदललं. दाब बघितला.
सही तेवढी राहिली होती,
आणि हत्यारांच्या पेटीत
सोळा नंबरच्या पान्याची खाच रिकामी.

आत अठ्ठ्याहत्तर माणसं, एसी बंद.
मांडीवर द्राक्षांची पेटी घेतलेले एक काका:
"एवढ्याशा पान्यानं काय होतंय हो?"

वाल्मीक गांगुर्डेला ते ऐकू जात नाही.
दातांत बॅटरी धरून
तो कोपरापर्यंत हात घालतो आत,
अडलेल्या गाईचं वासरू चाचपावं तसा.

पन्नास मिनिटं. साहेबांचे आठ फोन.

मग तो कमरेत वाकतो
आणि मागच्या खिशात काहीतरी टोचतं.

कुणी बघितलं नव्हतं.
पेटीत हळूच ठेवून देता आला असता.
तो वहीत लिहितो, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात:
पाना माझ्या खिशात होता.
सही. वेळ सात बावीस.

विमान चांदवडच्या डोंगरांवरून वळलं तेव्हा
काका बहुधा झोपले असतील.

घरी सुनंदा विचारते, मेमो मिळाला?
मिळेल, म्हणतो.
भाकरी मोडता मोडता
डावा हात पुन्हा एकदा
खिसा चाचपून येतो.