मनगटावरची पट्टी

मटन स्ट्रीटला, जुन्या पंख्यांच्या पात्यांपलीकडे
यासीनभाईंचं दुकान म्हणजे एक जिना,
कुठेच न पोहोचणारा.
पायरीपायरीवर रेकॉर्ड्स.
सगळ्यात खालच्या पायरीवर
पोटात तबकडी नसलेली कव्हरं,
पन्नासला एक.

'अंदर गाना नहीं है,' ते आधीच सांगून टाकतात,
मागाहून भांडण नको.

मला गाणं नकोच आहे.
मी बैठक मारते
आणि एकेक कव्हर पुढे कलतं करत जाते.
निळा कृष्ण.
आणखी एक निळा कृष्ण, हा जरा फिका,
छापखान्यात शाई संपत आली असणार.
पिवळ्या फ्रॉकातली बाई, शेजारी ट्रम्पेटवाला;
ट्रम्पेटला कळा किती हे चित्रकाराला ठाऊक नव्हतं,
त्याने आपल्या चार काढल्या.
लावणीवर नुसते पाय, घोट्यापर्यंत घुंगरांत बुडालेले.
बालगीतांवर छत्री धरलेला हत्ती,
त्याला कुणी बॉलपेनने मिशा दिल्यात
आणि खाली नाव घातलंय: कु. नलू, चौथी ब.

अक्षरं तर बघत बसावीत.
'भ'चं पोट सतारीच्या भोपळ्यासारखं,
शिरोरेघ तानेसारखी लांबत गेलेली,
पुठ्ठ्याच्या काठावरून पडता पडता सावरलेली.
एकाच ओळीतले दोन 'र'
सख्खे भाऊ वाटतात, जुळे नाही.

मग ती हाताला लागते.
राधा.
हिरवं लुगडं, कमरेवर कळशी,
डावा हात वर, कदंबाची फांदी धरायला.
त्या मनगटावर, बांगड्यांच्या किंचित वर,
एक फिकट पट्टी.
घड्याळाची.

पुंडलिककाका फणसवाडीत खिडकीशी बसून रंगवायचे,
उजेड जाईपर्यंत.
कंपनी पैसे द्यायची, सही करू द्यायची नाही.
मॉडेल परवडायची नाही, म्हणून मालूआत्या उभी राहायची,
टेलिफोन एक्स्चेंजची सकाळपाळी संपवून
गामदेवीहून उन्हातान्हात चालत आलेली.
'हात वर. अजून वर. हसू नकोस, विरह आहे.'
'विरह कसला मेला, भूक लागलीय मला.'
घड्याळ काढून ती कपाटावर ठेवायची.
पण उन्हाने त्याचं काम आधीच उरकलेलं असायचं
आणि काका दिसेल तेच काढणारे.

किती हजार प्रती निघाल्या, देव जाणे.
तितक्या घरांत, काचेच्या शोकेसमध्ये,
टेलिफोन ऑपरेटर राधा होऊन उभी राहिली
आणि एकानेही विचारलं नाही,
बाई, यमुनेकाठी वाजले किती?

आमच्या घरात फोनो कधीच नव्हता.
जी गाणी रंगवली ती काकांनी ऐकली असतील तर
इराण्याकडे, कपबशांच्या आवाजातून, अर्धी.
कंपनीचा माणूस चिठ्ठी घेऊन यायचा:
भक्ती. कोवळी. हिरवा चालेल.
'चाल कशी आहे?' काका विचारायचे.
'छान आहे,' तो म्हणायचा,
आणि चहा पिऊन जायचा.
तेवढ्यावर काका कदंबाची पानं ठरवायचे,
किती दाट, किती वाऱ्यावर.

आत्याचे फोटो आमच्याकडे दोन.
दोन्ही कुणाच्या ना कुणाच्या लग्नातले,
दोन्हींत ती हललेली.

यासीनभाई कव्हर उजेडाकडे धरतात,
गिऱ्हाइकाला देण्याआधी नेहमी धरतात तसं,
आणि त्यांची नजर बरोबर तिथेच थांबते.
'डाग आहे,' ते म्हणतात.
फडक्याचं टोक जिभेवर ओलं करून
ते तिचं मनगट पुसतात, हळूच, एकाच जागी.
पुन्हा पुसतात.
'जात नाही. चाळीस द्या.'

मी पन्नासच देते.
ते अजून पुसतायत.