चाळिसावा दिवस

गोज्जामच्या पठारावर नूग फुललं होतं.
आपण ज्याला कारळं म्हणतो, तेच;
फक्त इथल्या रात्री जास्त गार.

फुलापासून विसाव्या दिवशी
वुबालेमनं एक बी आडवं चिरलं,
काचेवर ठेवून लाल रंग सोडला.
काहीच नव्हतं. पाणी, थोडी साखर,
नखाला लागलेला पांढरट चीक.

तिसाव्या दिवशी ठिपके.
पानांनी उन्हात रांधलेली साखर
देठातून उतरत होती,
आणि आत कुणीतरी ती मोडून
दोन-दोन कार्बनांची कडी जोडत होतं:
दोन, चार, सहा, अशी अठरापर्यंत,
मग थांबत होतं. अठराच का, ते विचारू नका.
गारठा वाढला की साखळीला एक बाक, कधी दोन,
म्हणजे पहाटेही तेल थिजू नये.
अशा तीन साखळ्या एका खुंटीला टांगल्या
की झाला मेदाचा एक रेणू.

चाळिसाव्या दिवशी अख्खी काच लाल.
थेंबाला थेंब खेटून, तरी एकही मिसळलेला नाही;
प्रत्येकाच्या अंगावर प्रथिनाचं झिरझिरीत पांघरूण.
बाहेर कवच काळं पडत चाललेलं.

सुट्टीत तिनं हे सगळं मावशीला सांगितलं.
नाताळाआधीचे उपवास चालू होते, लोणी वर्ज्य;
येशिमेबेत भाजलेलं नूग उखळात कुटत होती.
नंतर उकळतं पाणी ओतायचं, ढवळायचं,
वर आलेला तवंग पळीनं अलगद काढायचा.
हात न थांबवता तिनं विचारलं,
"इतकं कुणासाठी साठवतं ते?"

"कोंबासाठी. त्याला अजून पान नसतं.
मातीखाली, अंधारात, तो तेलाची परत साखर करतो
आणि उजेड दिसेपर्यंत तेवढ्यावर जगतो."

मुसळ थांबलं.
चुलीच्या धुरात बराच वेळ कुणी बोललं नाही.
कोपऱ्यात सुनेचं बाळ उचक्या देत होतं.

"म्हणजे आपण लेकराच्या तोंडचं काढतो की गं,"
येशिमेबेत म्हणाली, आणि मुसळ पुन्हा उचललं.
"सांग त्याला, इथेही एक आहे,
अजून दात न आलेलं."

भिंतीवर टांगलेल्या भोपळ्यात
पुढच्या पेरणीचं बी होतं.
निघताना वुबालेमनं तो कानाशी धरून हलवला.
कोरडा, दाटीचा आवाज.
इतकं तेल आत,
आणि काही डचमळलं नाही.