पन्नास टक्के

वरळीला तिसऱ्या मजल्यावर माझं काम
सावली फाडायचं.
म्हणजे शेडनेटची पट्टी, पाच सेंटीमीटर रुंद,
दोन जबड्यांत धरायची, बटण दाबायचं,
तुटण्याआधी ती किती ओढ सोसते
ते वहीत लिहायचं.

ह्या हिरव्या जाळीला पन्नास टक्के म्हणतात, त्या काळीला पंचाहत्तर.
टक्के म्हणजे अडवलेलं ऊन.
उरलेलं रोपाचं.

कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात दिवे जळतात.
त्यांच्यासमोर सहा आठवडे टांगली
की जाळी काही उन्हाळे जगून घेते.
मधूनमधून आतल्या आत पाणी फवारलं जातं,
गाळलेलं, कसलाच वास नसलेलं.
बाहेर काढली की बोटांत चुरचुरते
गेल्या वर्षीच्या पापडासारखी.

नमुना दोनशे अकरा.
निम्मी ताकदही उरली नव्हती.
मी 'अनुत्तीर्ण' लिहिलं, खाली सही, क. द. नाचणेकर.
भिवंडीहून मालकाचा फोन आला,
"मॅडम, जाळीच ती. कुणाच्या लग्नाचा शालू आहे का?"
शालू असता तर मी एवढा ओढला नसता,
असं सुचलं, पण फोन ठेवल्यावर.

तीन वर्षांनी, मार्वेहून होडीने मनोरीला.
फिलोमिना आल्मेडाच्या वाडीत रोपं घ्यायला गेले,
मिरची हवी होती आणि जमलं तर सोनचाफ्याचं कलम.
वर पाहिलं.
काठातला तो एक केशरी धागा.
शेजारणीच्या फडताळात आपली वाटी दिसावी
तसा ओळखला.

दोनशे अकरा.
ठिकठिकाणी विरलेली, आणि प्रत्येक विरलेल्या जागी
निळ्या नायलॉनची दाट वीण.
"पास्कूनं केलंय," फिलोमिना म्हणाली, "माझा दीर.
डोलीची जाळी विणतो, त्याला काय हे."
माशाला बाहेर पडता येऊ नये त्या गाठी
उन्हाला आत येता येऊ नये म्हणून मारलेल्या.
काही भोकं मात्र तशीच.
"ती राहू दे म्हटलं मी. तिथं मिरची ठेवते.
तिला हवं असतं."

खाली काळ्या विणलेल्या कापडावर कुंड्यांच्या रांगा,
नीट पाहिलं तर रांगा नव्हत्याच.
भोकाखाली मिरची, विरळ जागी झेंडू,
निळ्या गाठींच्या गर्दीखाली पानवेल,
आणि ऊन सरकलं की फिलोमिना पायानेच
कुंडी वीतभर ढकलते, बोलता बोलता.
इथं चाळीस असेल, तिथं साठ,
पास्कूच्या हाताखाली ऐंशीसुद्धा.
माझ्या अहवालात जाळीला एकच आकडा असतो.

मग मी वाकले.
कुंडीतल्या मातीवर हिरवा भुगा.
"शेवाळ धरतंय," ती म्हणाली.
शेवाळ नव्हतं.
बोटावर घेतला, चोळला, विरघळला नाही.
तिला सांगितलं. तिने भुग्याकडे पाहिलं,
वर पाहिलं,
"म्हणजे सावली खाली पडतेय," म्हणाली,
आणि हसली नाही.

"किती दिवस टिकेल अजून?"
आयुष्यभर ह्याच एका प्रश्नाचा पगार घेतलाय मी,
आणि कुणी तोंडावर कधी विचारलाच नव्हता.
म्हटलं, मे काढेल. मग उतरव.
फाडू नकोस, झटकू नकोस, घडी घालून गोणीत भर.
"जूनात पास्कूची होडी वर ओढलेली असते," ती म्हणाली,
"हात मोकळे असतात त्याचे. नवी आण तू,
तुला चांगली कुठली ते ठाऊक."

परतीच्या होडीत मांडीवर मिरचीची तीन रोपं,
रुमालाच्या गाठीत चिमूटभर भुगा.
वाऱ्यावर पानं उलटी होत होती.
मी ओढणी त्यांच्यावर धरली,
सुती, जुनी, कधीच न तपासलेली.