एक रात्र, दोन दिवस, नाश्त्यासह

नऊ वर्षं मी पार्ल्याच्या ऑफिसात बसून
माणसांना बेटांवर पाठवते.
बाली, लोंबोक, तेनेरिफे.
(उच्चार चुकला तरी परत येऊन कुणी सांगत नाही.)
काळी वाळू, जागृत ज्वालामुखी, रात्रभर संगीत,
बारा वर्षांखालच्यांना निम्मे पैसे.
हे मी झोपेतही बोलते म्हणे.

यंदा आमची पाळी होती.
पण फेब्रुवारीत हेरंबच्या छातीतल्या तीन नळ्यांनी
तिकिटांचे पैसे खाल्ले
आणि मे महिन्यात आम्ही मार्वेच्या धक्क्यावर:
मी, तो, सासूबाई, नणंदेचा ओजस,
दोन स्कूटर, बर्फाच्या लाद्या
आणि एक बकरी, जिचं तिकीट कुणी काढलं नव्हतं.
समुद्रप्रवास सहा मिनिटांचा.
सासूबाईंनी तरी आल्याची वडी दाढेत धरली.

मनोरीच्या रिसॉर्टच्या दारात कोकम सरबत,
मग मनगटाला कागदी पट्टी.
"अशीच हॉस्पिटलात बांधली होती,"
हेरंब म्हणाला, आणि हसला.
मी बॅगा मोजल्या.

तलावाशी पाटी: सुती कपड्यांत उतरू नये.
पाण्यात भाईंदरची अख्खी भिशी
नायलॉनमध्ये, वरून फवारे, मध्ये डीजे,
आणि कुणीतरी माईकवर हाऊजीचे आकडे ओरडतंय,
"दोन बदकं, बावीस!"
सासूबाईंना पहिली ओळ लागली.
बक्षीस झाकणाचा डबा.
त्यानंतर त्यांना आमची गरज उरली नाही.

ओहोटीला आम्ही तिघं खडकांवर गेलो.
ओजस भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला.
लोक चार्जर आणतात, हा हातोडी.
टक्. टक्.
"मामी, हे सगळं वितळलेलं होतं.
हे, पलीकडचं मढ, अंधेरीतला तो सुळका,
तुझ्या ऑफिसच्या खालचंसुद्धा.
साडेसहा कोटी वर्षं झाली असतील."
जणू सोसायटीची लिफ्ट कधी बसवली ते सांगतोय.

मी विचारलं, "मग आता हा जागृत की निद्रिस्त?"
शाळेत तिसराही प्रकार होता.
तो मी विचारला नाही.

हेरंब चपला काढून दगडावर टेकला.
तळवा ठेवला.
"अजून गरम आहे."
"मामा, ते उन्हानं," ओजस म्हणाला.
आम्ही दोघांनी ऐकलं नाही.

पलीकडे एक बाई उकिडवी बसून कालवं फोडत होती.
टक्. टक्. तीच हातोडी,
पण तिला कोटी वगैरे मोजायचे नव्हते,
भरतीआधी टोपली भरायची होती.
रेमेडिया नाव. गावातलीच.
तिनं एक शिंपला उघडून हेरंबपुढे धरला.
डॉक्टरांच्या यादीत कालवांबद्दल काही नव्हतं,
ना हो, ना नको.
माझ्याकडे न बघता त्यानं ते सुर्रकन ओढलं
आणि डोळे मिटून
किती वेळ तसाच बसला.
मला वाटलं, झालं.
पण त्याला दुसरं हवं होतं.

रात्री साडेदहाला डीजेची परवानगी संपली.
एसीच्या घरघरीखाली त्याचा श्वास होता.
मी मोजत होते.
एकशे चाळीसच्या पुढचं आठवत नाही.

सकाळी इडल्या, पोहे, ऑम्लेट, पुन्हा इडल्या.
सासूबाईंनी दोन उकडलेली अंडी
बक्षिसाच्या डब्यात घातली. शाकाहारी आहेत त्या.
"पैसे भरलेत," म्हणाल्या.

सोमवारी ऑफिसात बालीची पत्रकं उडत होती.
मी त्यांवर मनोरीचा दगड ठेवला.
समोर नवं जोडपं, मुलीच्या हातावर अजून मेंदी.
"मॅडम, तुम्ही स्वतः गेलायत?
ज्वालामुखीच्या बेटावर?"
"हो. आत्ताच आले."
"कसं असतं?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं.
मी दगड उचलून एक पत्रक काढून दिलं,
आणि पंख्यानं
बाकीची सगळी बेटं
फरशीवर पसरली.