हनुवटीचा प्रश्न

सिमरोलच्या पुढे, भेरूघाट उतरताना
मुंगीसाहेब पडले.
डोक्यावरचं हेल्मेट जागच्या जागी,
त्याला साधा ओरखडा नाही.
खाली मात्र
हनुवटी उकलली होती सीताफळासारखी
आणि समोरचे चार दात
खडीत खडी होऊन पडलेले.

ते मीच वेचले.
धंदाच माझा तो. डॉक्टर नव्हे मी,
डॉक्टरांना दात करून देणारी.
स्नेहलतागंजातल्या माझ्या खोलीत
रंगांचे सोळा नमुने टांगलेत,
कुणाचं हसू कुठल्या पिवळ्यात मोडतं
मला लांबून कळतं.
मुंगीसाहेब : ए-साडेतीन.
तंबाखू सोडून अकरा वर्षं झाली,
रंगाने सोडलेलं नाही.

तेव्हापासून रविवारच्या पोह्यांवर
एकच वाद.
तपन म्हणतो, फुल-फेस घाला सगळ्यांनी,
हनुवटीपुढे कमान असलेलं,
डोंगरावरून उड्या मारणारी पोरं घालतात तसं.
डोकं वाचवायचं आणि तोंड उघड्यावर टाकायचं,
हा कुठला हिशोब?

झोकरकर म्हणतात, अरे बाबा,
चढावर जीव तोंडानेच घ्यावा लागतो,
नाक तेव्हा नावापुरतं.
मे महिन्यात त्या डबड्यात
मेंदूची उसळ होईल माझ्या.
घाम डोळ्यांत गेला तर ट्रक कोण बघणार, तू?

मी गप्प.
जिरावण जरा जास्तच पडलं होतं.

दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.
दात बसवता येतो,
ओठाची सवय बसवता येत नाही.
मुंगीसाहेबांचा 'व' अजून निसटतो.
वहिनींचं नाव वासंती.
सध्या ते नुसत्या 'अगं'वर भागवतात.

म्हणून परवा तपनचं हेल्मेट मागून आणलं,
पहाटे साडेपाचला सुपर कॉरिडॉरवर घालून निघाले.
आत माझाच श्वास मला परत मिळत होता,
लवंगेचा, लॅबचा वास आलेला.
वारा होता, पण शेजारच्या घरात असावा तसा.
रोज 'राम-राम दीदी' म्हणणारा
अर्धवट इमारतीचा चौकीदार
त्या दिवशी ओरडला,
'ओ भैया, साइड से!'

भैया.
बावन्न वर्षांत पहिल्यांदा
रस्त्यावर मी कुणीच नव्हते.
कुणी वळून बघितलं नाही,
मागून येणारी मोटारसायकल हळू झाली नाही,
'आंटी, रेस लगाओगी?' कुणी विचारलं नाही.
मला ते आवडलं.
हे मी पोह्यांवर सांगितलेलं नाही.
(रेवती रेंज फाट्यापर्यंत आवडलं.
मग शिट्टी वाजवावीशी वाटली,
आणि ओठ स्पंजला टेकले.)

काल मुंगीसाहेब मापाला आले.
तात्पुरते दात लावून बघितले आरशात,
लगेच हात तोंडावर.
म्हणाले, फार सरळ झालेत गं.
माझा एक दुसऱ्यावर चढलेला होता,
तो तसाच चढव.
मग खुर्चीतून उठता उठता :
पुढच्या रविवारी घाट?

मी विचारलं, डोक्यावर काय घालणार?
ते म्हणाले, तू काय घालणार?

मी मेणावर सुरी फिरवत राहिले.
चढताना हँडलला टांगावं आणि उतरताना घालावं,
असंही एक मनात येऊन गेलं.
पण पडणारा माणूस
घाटाला विचारून पडत नाही.
आमच्या ओळीतली रत्ना द्रविड
सपाट रस्त्यावर, घराच्या फाटकाशी,
कुत्र्याला चुकवताना पडली होती.

रविवारचं ठरलेलं नाही अजून.
तपनचं हेल्मेट टेबलावरच आहे.
पॉलिशिंगची धूळ बसू नये म्हणून
मुंगीसाहेबांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा
मी सध्या त्यात ठेवलाय,
चढलेल्या दातासकट.

नीट बसतो.