समास

कोर्टाच्या पायऱ्यांशी, निळ्या छत्रीखाली
माझं टेबल, दोन खुर्च्या आणि एक टाइपरायटर,
ज्याचा मोठा 'ए' ओळ सोडून वर उडतो.
त्यामुळे 'एस्तादो' लिहिताना, म्हणजे शासन,
ते दर वेळी अर्धं बोट वर जाऊन बसतं.
दुरुस्त करणारा म्हातारा वारला.
आता लोकच म्हणतात, राहू दे, अबेलिनो,
खरंच तर आहे.

किब्दोत पाऊस थांबत नाही. कार्बन पेपर
मी बिस्किटांच्या डब्यात ठेवतो.

विसितासिओन मोस्केरा आली तेव्हा
तिच्या मनगटांना माशांचे खवले चिकटलेले.
मुलगा, म्हणाली. बसस्टॉपवर उभा होता.
ट्रक आला, सैनिक उतरले,
कागद दाखव म्हणाले, नव्हते,
चढवला.
अकरा पोरं चढवली, कोंबड्या चढवतात तशी.
अठरा वर्षं चार महिने. नाव देइमेर.

म्हणालो, तुतेला करू.
साधा अर्ज असतो, वकील लागत नाही,
पेन्सिलीनं पिशवीवर लिहिला तरी चालतो,
आणि न्यायाधीशाला दहा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.
कुणाला, मला?
हो, तुम्हाला.
तिनं हात स्कर्टला पुसले,
जणू उत्तर आत्ताच हातात घ्यायचं होतं.

मग सांगत सुटली.
त्याचे तळपाय सपाट आहेत.
रात्रशाळेत गणित राहिलंय.
शेजारणीचं बावीस हजारांचं देणं आहे.
आणि अंधाराला भितो, तेही लिहा,
अजून दिवा लावून झोपतो.
बाई, याला कलम नाही.
नसू दे. लिहा.
लिहिलं. मुद्दा सातवा:
मजकूर मुलास अंधाराची भीती वाटते.

तिला सांगितलं नाही ते इथं सांगतो.
नवी राज्यघटना यायच्या चार वर्षं आधी
मी बटालियनच्या कचेरीत कारकून होतो.
याच यंत्रावर याद्या केल्या. नाव, उंची, दात.
बाकावर पोरं ओल्या कपड्यांत बसलेली असत.
एकानं विचारलं, साहेब, आईला कळवाल?
यादीत त्याचा रकाना नव्हता.
मी पुढचं नाव विचारलं.

यंत्राला एक घंटी असते.
ओळ समासाजवळ आली की वाजते.
तेव्हाही वाजायची,
काय लिहिलं जातंय ते तिला कळत नाही.
शाळेत बाई सांगायच्या, समास सोडून लिहा.
का, ते कधी बोलल्या नाहीत;
मला वाटायचं, त्यांच्या लाल शाईसाठी.
पण घंटीनंतरही पाच-सहा अक्षरं मावतात.
सरकारला हे तोंडपाठ असतं.

नवव्या दिवशी निकाल आला. दीड पान.
रस्त्यावरून माणूस उचलता येत नाही,
असं लिहिलं होतं, इतकं साधं
की मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
अठ्ठेचाळीस तासांत सोडा.
सहा दिवसांनी सोडला.
आला तो डोकं भादरून, दुसऱ्याच कुणाच्या बुटांत,
एक नंबर मोठ्या.
बरोबरचे दहा तिथंच.
निकालात नाव एकट्या देइमेरचं.

विसितासिओननं पैसे दिले, वर एक सुका मासा.
पैसे परत केले. मासा ठेवला.
तरी ती जाईना.
मागे छत्रीबाहेर एक बाई भिजत उभी.
ही इरेनिया, म्हणाली, हिचाही त्याच ट्रकात.
आणि तिला खुर्चीत बसवून मला बजावलं,
अंधाराचं लिही हं.
इरेनिया म्हणाली, माझा अंधाराला भीत नाही.
मग कशाला भितो?

ती आठवू लागली.
तोवर मी डबा उघडून
कार्बन घातला.