वाटणीचं पोतं

नाइटिंगेल बेटावरून होडी परतली
की वास आधी पोचतो, माणसं नंतर.
ड्युल्सी लावारेलो नाक मुरडत नाही.
तिच्या वाटणीला दीड पोतं विष्ठा,
शिअरवॉटरची, पेंग्विनांची,
वर्षभराच्या समुद्राचा पचून उरलेला चोथा.

बटाट्याचा वाफा दगडी गडग्याआड.
खाली ज्वालामुखीची काळी चुरी, मुठीत धरली
तर नुसती कुरकुरते.
"बाळसं नाही धरलं हिने अजून,"
ती म्हणते, आणि मुठीमुठीने पांढरं पेरते.

एकसष्ट साली डोंगर फुटला,
सगळ्यांना इंग्लंडला नेलं,
तेव्हा तिथली माती बघून ती गप्पच झाली होती:
एवढी आयती! कुणी वाहून न आणलेली!

इथली तिला खेपांनिशी पाठ आहे.
हा कोपरा आजोबांच्या होडीचा.
हा, टॉबियस परतला नाही त्या वर्षीचा;
इथे ती अजून
बटाटे जरा उथळ लावते.

वरून पक्षी ओरडत चाललेत,
त्यांना काय, अंधाराआधी बीळ गाठायचंय.
जाताजाता एकाने
तिच्या डोक्याच्या रुमालावर टाकलंच.
तिने रुमाल सोडला,
वाफ्यावर झटकला.